उभी खाट

घरात जितं माणूस असताना खाट उभी करू नये, हे मला माझ्या आईनं शिकवलं होतं आणि तिला तिच्या आईनं. माणूस गेलं की त्याला खाली घेतात आणि त्याची खाट भिंतीला उभी लावतात. त्यामुळे कुणाच्या ओसरीवर उभी खाट दिसली की शेजारीण हातातलं पीठ झटकून धावत येणार आणि दारातूनच गळा काढणार. एवढं शिकून मी सासरी आले आणि तिथं माझी गाठ पडली गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या खाटा रोज सकाळी उभ्या करत हिंडणाऱ्या बाईशी. मी तिला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या आहेत की त्यातली एक जरी लागली असती तरी ती दुसऱ्या दिवशी दिसली नसती. ती मात्र रोज दिसायची.

तिला सगळा गाव मावशी म्हणायचा. निजामाचं राज्य होतं. परभणीच्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या बाजूला तिनं तीस वर्षं आयाची नोकरी केली होती, आणि वजीफा, म्हणजे पेन्शन, घेऊन ती पेडगावच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात, भावाच्या शेजारी दोन खणांत राहायला आली होती. लहानपणीच विधवा झालेली, मूल ना बाळ. माणूस नोकरी सोडून येतं तेव्हा गाठोडं घेऊन येतं. ही दवाखानाच घेऊन आली. पांढऱ्या लुगड्यावर खाकी कोट घालायची. त्या कोटाच्या एका खिशात खोबरेलाची बाटली, दुसऱ्यात नखं काढायची कात्री आणि आतल्या खिशात तंबाखूची चंची. हातात काठी असायची, पण ती टेकायला नव्हे. ती काठी फक्त दाखवायला होती: ही खाट, ते मडकं, तो म्हातारा.

दवाखान्यात सकाळी डाक्टरीणबाई खाटांपुढून फिरायच्या, तशी ही गावातून फिरायची. फक्त तिथं रोगी निजलेला असला तरी चालायचं, हिला ते चालत नव्हतं. दारात उभी राहून ती म्हाताऱ्याचं नाव पुकारणार आणि त्यानं उभं राहून 'हाजिर' म्हणायचं. कुणी बसल्या जागेवरून आवाज दिला की ती हलायचीच नाही.

"बसून हाजिर म्हंजी निम्मं गैरहाजिर," ती म्हणायची. "आन् निजून हाजिर म्हंजी सुतारानं बांबू तोडायला हरकत न्हाई."

उभं राहिलं की जीभ बघायची, तळपाय बघायचे, नखं बघायची. पाण्याच्या मडक्यात नाक घालून वास घ्यायची. आणि मग खाट उभी. दिवसभर ती आडवी करायची नाही, असा तिचा हुकूम. पहिल्यांदा गावात मोठा गहजब झाला. लोक म्हणाले, ही बाई जित्या माणसांचं सुतक पाळायला लावणार. तिनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं. "माणूस आडवं झालं की खाट उभी ऱ्हाते. मंग आधीच खाट उभी करा की, माणूस आडवं व्हायला जागाच न्हाई ऱ्हायची."

वाद घालायला गेलेले लोक डोकं खाजवत परत यायचे.

म्हाताऱ्यांच्या तोंडी एक वाक्य असतं, 'आता काय राहिलंय माझं.' या वाक्यावर मावशीनं बंदी घातली होती. जो ते म्हणेल त्यानं मारुतीच्या पारापर्यंत चालत जाऊन यायचं. आमच्या आळीत एक तात्या होते, त्यांना दर दोन घासांमागं ते म्हणायची सवय. एका उन्हाळ्यात ते इतक्या वेळा पारावर जाऊन आले की पुढच्या वर्षी स्वतःच्या नातवाच्या लग्नात वरातीपुढं चालले, आणि चालता चालता सोयऱ्यांना सांगत होते, 'आता काय राहिलंय माझं.'

दोन म्हाताऱ्यांचं बांधावरून वीस वर्षं वैर होतं. एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मावशीनं त्यांना औषध दिलं ते असं: रोज सकाळी ह्यानं त्याच्या दारी जायचं आणि तो जिता आहे का ते बघून तिला येऊन सांगायचं, संध्याकाळी त्यानं ह्याच्या दारी. दोघंही मोठ्या आशेनं जायचे. दोघांचीही रोज निराशा व्हायची. तिसऱ्या दिवसापासून दारात उभं राहून भांडण सुरू झालं आणि ते अख्ख्या आळीला ऐकू जाऊ लागलं. लोक मावशीकडं तक्रार घेऊन गेले तर ती खूश. "भांडू द्या. छाती मोकळी व्हते. खोकला कव्हा आयकलात का त्याचा दसऱ्यापसून?" खरंच ऐकला नव्हता.

वेशीजवळ एक चाचा राहायचे, निजामाच्या पलटणीतून आलेले. त्यांची हाजरी बघण्यासारखी असायची. मावशी दिसली की ते टाच जुळवून, हात कपाळाला लावून 'हाजिर, बाईसाब!' म्हणायचे. मावशीला तो सलाम फार आवडायचा. त्या दारात ती उगाच दोन मिनिटं जास्त थांबायची आणि पदर सारखा करायची. आम्ही बायका हसलो की म्हणायची, "हसता काय? गावात एकाला तरी कायदा ठावं हाय."

सगळ्यांची तंबाखू सुटावी म्हणून ती भांडायची आणि स्वतः मात्र दर चौथ्या घरामागं चंची काढायची. कुणी बोट दाखवलं तर म्हणायची, "मपला हिशेब देव बघंल, त्याच्याकडं मपली फाईल गेलीया." आणि शेकडो बाळंतपणं हातावेगळी केलेली ही बाई पालीला भ्यायची. चौकटीवर पाल दिसली की त्या घरची हाजरी रस्त्यावरून.

ती कुणाचा पैसा घेत नसे. पण खाण्यावरून मात्र सुनांशी भांडायची. आमच्याकडं रीत अशी की म्हातारं माणूस थकलं की त्याला पेज द्यायची, पातळ वरण द्यायचं, त्याला जड ते काही द्यायचं नाही. ती मडक्याचं झाकण काढून बघायची आणि भडकायची. "बाळंतिणीला डिंकाचे लाडू, बैलाला सरकी, आन् म्हातारीला पेज? म्हातारीनं काय पाप केलं? भाकर दुधात कुस्कर, शेंगदाण्याचा कूट घाल, तीळ घाल. दात गेले म्हणून पोट गेलं व्हय?"

आता ती आमच्या घरी कशी आली, किंवा खरं म्हणजे कशी येऊ दिली नाही, ते सांगते.

माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणायची. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या धडधाकट होत्या. पाखडायला बसल्या की सुपातून भुसा कसा उडायचा ते बघायला शेजारणी थांबायच्या. पण घरात सून आली, आणि आमच्या मालकांनी आईला सांगितलं, "आई, लय राबलीस. आता बस." मालकांचा आईवर फार जीव. त्यांनी ओसरीवर नवी खाट टाकली, तिच्यावर गोधडी टाकली आणि गोधडीवर आईला बसवलं. मलाही त्यात मोठेपणा वाटला. सासूला पाण्याच्या तांब्याला हात लावू देत नाही ती सून चांगली, अशी आमच्याकडची मोजदाद. मी तांब्या हातात द्यायची, ताट हातात द्यायची, न्हाऊ घालायची, पाय चेपायची. शेजारणी म्हणायच्या, "सून असावी तर अशी." मला ते ऐकून गुदगुल्या व्हायच्या, उगाच खोटं कशाला बोलू?

दीड वर्ष गेलं. आत्याबाईंना आता खाटेवरून चुलीपर्यंत यायचं तर भिंत धरावी लागायची. पुढं पुढं त्यांनी यायचंच सोडलं. बोलणं कमी झालं. जेवण चिमणीएवढं झालं. मला वाटलं, वय झालं. मालकांना वाटलं, सेवा कमी पडतेय. मी आणखी सेवा केली.

मावशी एक दिवस आली, आत्याबाईंना हाक मारली. त्या निजूनच हं म्हणाल्या. मावशीनं त्यांचे हात उचलून बघितले, खाली सोडले तर ते ओल्या फडक्यासारखे पडले. ती वळून मालकांना म्हणाली, "हिला काय झालंय ठावं हाय का? हिला तुमी झालाय."

मालकांचं तोंड लालबुंद झालं. "मावशी, वयानं मोठ्या हायात म्हणून गप बसतो. मपल्या आईची खाट ह्या घरात उभी व्हणार न्हाई. पुन्हा ह्या दारात येऊ नका."

त्यानंतर मावशी दारात आली नाही. रोज सकाळी रस्त्यावर उभी राहून आत्याबाईंचं नाव मात्र पुकारायची. आतून उत्तर जायचं नाही. ती क्षणभर थांबायची आणि पुढं जायची.

आषाढात आत्याबाईंना ताप आला. ताप उतरला, पण त्या उठेनात. मालकांनी डोळे पुसत माणूस पाठवला मानवतच्या पलीकडं, माझ्या नणंदेला निरोप द्यायला: आई थकली, येऊन तोंड बघून जा. वन्संचे तेव्हा दिवस भरत आले होते. त्यांच्या नवऱ्यानं निरोप ऐकला आणि बाळंतपण होईपर्यंत त्यांच्यापासून लपवून ठेवला.

त्याच आठवड्यात मी ओढ्यावर धुणं धूत होते आणि मावशी माझ्या शेजारी येऊन उकिडवी बसली. मी तिच्याकडं बघितलंच नाही. तीच बोलायला लागली.

"मपली माय अशीच मारली मी."

मी धुणं आपटायची थांबले.

"नोकरी लागली तव्हा मायेला म्हणले, आता तू काई करायचं न्हाई. पगारातून एक बाई ठिवली तिच्या दिमतीला. म्हणलं, मायेनं चमचाबी उचलायचा न्हाई. सुटीला आले की लोक म्हणायचे, लेक असावी तर अशी. मला लय ग्वाड वाटायचं. वरीस झालं न्हाई, माय गेली. रोग नव्हता पोरी. दवाखान्यात रोज रोग बघायची मी, मला रोग कळत न्हाई व्हय? तिला काईच नव्हतं. काई नव्हतं म्हणून गेली."

तिनं चंची काढली, पण तंबाखू न मळताच परत ठेवली. "तू तिला काम दे. उलिसंक दे, दोन मुठींचं का व्हईना. मला घरात घेऊ नको."

"लोक काय म्हणतील? सासूला ताप येऊन गेलाय आन् सून कामाला लावायलीय?"

"म्हणतीलच," मावशी म्हणाली. "त्याचं औषध मपल्याकडं न्हाई."

दोन दिवस मी विचार केला. मला माझं चांगलं नाव फार प्यारं होतं. माहेराहून आणलेल्या डागिन्यांपेक्षाही. तिसऱ्या दिवशी मालक शेतात गेल्यावर मी सुपात दोन मुठी तुरीची डाळ घेतली आणि आत्याबाईंच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "मला डोळ्याला दिसंना झालंय, एवढी बघता का?"

"मपल्याच्यानं व्हतंय व्हय गं?" त्या म्हणाल्या. पण बोटं फिरली. दोन मुठींना अर्धी दुपार लागली. मी 'झकास झाली' म्हणून तीच डाळ शिजवली. संध्याकाळी मालकांच्या दाताखाली कचकन खडा आला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी मान खाली घालून म्हटलं, "माझंच ध्यान नव्हतं." खाटेवरून आत्याबाई सगळं ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी मालकांची पाठ वळायचा अवकाश, आत्याबाईंनीच हाक मारली. "आण गं ते सूप. मपल्या लेकाच्या दातात खडा येतो म्हंजी काय?"

मला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी सूप आणून दिलं.

मग डाळीवरून लसणावर, लसणावरून वातींवर, वातींवरून ताक घुसळण्यावर. घुसळायला उठावं लागतं. वासराला पाणी पाजायला अंगणात जावं लागतं. श्रावणात एका सकाळी मावशीनं रस्त्यावरून नाव पुकारलं आणि आतून बारीक आवाज आला, "हाजिर." मी दारातून बघितलं तर मावशी रस्त्याच्या मधोमध डोळे मिटून उभी होती आणि तिच्या मागं एक बैलगाडी खोळंबली होती.

त्याच दिवशी मी खाट उभी केली. मालकांनी बघितलं, आणि माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पण आई वासरापाशी उभी राहून त्याच्याशी गप्पा मारतेय हेही त्यांनी बघितलं, म्हणून खाट आडवी केली नाही. गाव मात्र गप्प बसलं नाही. "सुनेनं सासूला जुंपली." "तापातून उठत न्हाई तोवर घुसळायला लावली." ज्या शेजारणी 'सून असावी तर अशी' म्हणायच्या, त्याच आता विहिरीवर मला बघून घागर पुढं ओढायच्या. आत्याबाईंच्या कानावर हे पडत होतं, पण त्या एका शब्दानं कुणाला काही म्हणाल्या नाहीत. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटायचं. मनात यायचं, दुसरं कुणी नाही तर निदान यांनी तरी सांगावं.

कार्तिकात कापसाची वेचणी सुरू झाली. घरामागच्या पट्टीत आत्याबाई माझ्याबरोबर येऊ लागल्या. ऊन चढायच्या आत तासभर वेचायचं आणि परतायचं. अशाच एका सकाळी आम्ही दोघी शेतात असताना वन्सं आल्या.

आषाढातला निरोप त्यांना बाळंतपणानंतर कळला होता, आणि तान्हं लेकरू घेऊन निघायला कार्तिक उजाडला होता. त्यानंतर आई बरी झाली, हे कळवायचं आमच्यापैकी कुणाला सुचलंच नव्हतं. ती चूक आमची, कबूल. वन्सं वेशीपासूनच रडत आल्या. वाटेत चार बायका रीतीप्रमाणं रडायला सामील झाल्या. अंगणात पाऊल टाकलं तर घरात कुणी नाही, आणि ओसरीवर आईची खाट भिंतीला उभी.

पुढं काय झालं ते शेतातून ऐकू आलं. असा टाहो फोडला त्यांनी की कापसावरची पाखरं उडाली. आत्याबाई हातातलं बोंड सोडून म्हणाल्या, "अगं बाई, आपल्या आळीत कुणीतरी गेलं!" आणि कापसानं भरलेली ओटी सावरत माझ्या पुढं निघाल्या. मी मागून.

आमच्याकडं रीत अशी की रडण्याच्या घरी गेलं की आधी गळ्यात पडून रडायचं, कोण गेलं ते मागून विचारायचं. परसदारानं आत्याबाई अंगणात आल्या, समोर पदर डोळ्यावर ओढून ऊर बडवणारी एक बाई दिसली, तिच्या गळ्यात पडल्या आणि त्यांनीही हंबरडा फोडला. दोघी एकमेकींना घट्ट धरून रडत होत्या. बघ्या बायका तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या, रडावं की ओरडावं ते त्यांना कळेना.

थोड्या वेळानं आत्याबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "उगी माय, उगी. कोण गेलं गं?"

"माय गेली हो!"

"कुणाची माय?"

"मपली माय! मला न भेटता गेली!"

"अरे देवा. कव्हा गेली?"

एवढ्यात वन्संना तो आवाज ओळखीचा वाटला असावा. त्यांनी पदर बाजूला केला. दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"सरू?" आत्याबाई म्हणाल्या.

"आई?"

आत्याबाईंनी एकदा उभ्या खाटेकडं बघितलं, एकदा जमलेल्या बायकांकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "मंग मी गेले व्हय?"

मला हसू आवरलं नाही. मी पोट धरून खाली बसले. तेवढ्यात बाहेरून तान्ह्या लेकराचं रडणं आलं. दुःखाच्या भरात वन्सं आपलं लेकरू गाडीतच विसरल्या होत्या. सगळ्यांच्या आधी गाडीशी पोचल्या त्या आत्याबाई. नातवाला त्यांनी स्वतः उचलला आणि छातीशी धरून आणला.

पण माझं हसणं वन्संना झोंबलं होतं. आई जिवंत आहे हा आनंद ओसरल्यावर त्यांना आईच्या ओटीतला कापूस दिसला आणि त्या माझ्यावर फिरल्या. "लाज न्हाई वाटली तुला? मरणाच्या दारातनं आलेली मपली माय, आन् तिला येचणीला नेलीस? दादा, उद्या गाडी जुप. मी आईला घेऊन जाते. मपल्या घरी तिचा पाय भुईला लागू द्यायची न्हाई मी."

तोवर मालक धावत आले होते. बायका माना हलवत होत्या. फाटकापाशी खाकी कोट दिसला, तेव्हा मला धीर आला. म्हटलं, आता मावशी यांना झाडून काढणार. पण ती फाटकाच्या आत आली नाही. तिथूनच म्हणाली, "जिला न्यायचंय तिला इचारा की कुणीतरी."

खरंच, दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. खाटेवर बसवतानाही नाही, आणि मीही सूप मांडीवर ठेवताना त्यांना काय हवंय ते विचारलं नव्हतं.

आत्याबाईंनी नातू वन्संच्या हातात दिला. ओटीतला कापूस ओसरीवर रिकामा केला आणि सरळ उभ्या राहिल्या.

"सरू, तू मला निजवशील. लय मायेनं निजवशील, ठावं हाय मला. तुझ्या दादानंबी मायेनंच निजवलं. हिनं तेवढं उठिवलं." मग त्या बायकांकडं वळल्या. "चार महिनं तुमी हिला काय काय म्हणलात ते सगळं मी आयकलं. गप बसले. भ्या वाटायचं गं, बोलले तर हातातलं सूप काढून घेतील, पुन्हा खाटेवर टाकतील. मपल्या भ्यानं मी हिला शिव्या खाऊ दिल्या. ती चूक मपली. आता कुणी हिला बोललं तर मी तिच्या दारात येऊन भांडंन. तेवढं चालायला येतंय मला."

मी तिथंच, सगळ्यांसमोर, सासूच्या गळ्यात पडून रडले. इतकी मोठ्यानं रडले की उशिरा आलेल्या एका शेजारणीनं दारातूनच गळा काढला आणि तिला गप्प करता करता पुरेवाट झाली.

वन्सं आठ दिवस राहिल्या. दुसऱ्या दिवशी हट्टानं वेचणीला आल्या आणि कंबर धरून आईच्या आधी बांधावर बसल्या. रोज सकाळी दारात येऊन हाजरी ऐकायच्या. निघायच्या दिवशी गाडीत बसल्या, आणि गाडी वळणावर गेली तशा उतरून मागं आल्या. मावशी आमच्याच दारात होती. वन्सं तिला म्हणाल्या, "मावशी, मपली सासू दोन वर्षं झाली खाटेवर हाय. मीच निजवलीय. येता का चार दिस आमच्याकडं?"

"मी आले तर खाट चार दिस उभी ऱ्हाईल. मी निघाले की आडवी. तूच कर."

"लोक काय म्हणतील?"

मावशीनं काठी माझ्याकडं केली. "तिला इचार. तिला पाठ हाय."

"चार महिनं म्हणतात, वन्सं," मी म्हटलं. "मंग थकतात."

महिना गेला. मानवतकडून सरकी घेऊन आलेला एक गाडीवान वन्संचा निरोप घेऊन आमच्या अंगणात आला. मावशी तेव्हा आत्याबाईंची नखं काढत होती. गाडीवान घाबरत घाबरत म्हणाला, "सरूबाईनं सांगितलंय, खाट उभी केली. पर लय इपरीत झालं. सासू अशी भडकली, अशी भडकली, की काठी घेऊन सुनेला मारायला धावली."

मावशीच्या हातातली कात्री थांबली. "धावली?"

"धावली म्हंजी, तीन पावलं चालली. मंग चौकट धरून उभी ऱ्हायली आन् तिथनं शिव्या देत व्हती."

मावशी हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि पुन्हा हसली. इतकी आनंदलेली मी तिला कधी बघितली नव्हती. चाचांच्या सलामानंतरसुद्धा नाही. मग एकदम दवाखान्यातल्यासारखं तोंड करून तिनं विचारलं, "काठी कोणत्या हातात व्हती?"

"उजव्या."

"आन् चौकट डाव्या हातानं धरली? घट्ट?"

"घट्ट."

"बेस," मावशी म्हणाली. "सरूला जाऊन सांग, उद्यापसून सासूच्या चार पावलं लांब उभी ऱ्हा. परवापसून पाच."